आप्पा, तुम्ही न विचारलेला प्रश्न

आप्पा,

तुम्ही सांगून ठेवलं होतं, माझं तेरावं घालू नका. आज घातलं. तुमच्या लोणखेड्याच्या अंगणात मांडव पडला, पंगती उठल्या, आणि ठराव कसा मंजूर करावा हे आयुष्यभर लोकांना शिकवणाऱ्या माणसाचा शेवटचा ठराव त्याच्याच भाऊबंदांनी एकमतानं फेटाळला. मला सारखं वाटत होतं, तुम्ही आता ओट्यावरून उठाल आणि विचाराल, या सभेची नोटीस कधी काढली होती? मी भरल्या पानावरून तसाच उठलो. शहाद्याला घरी आलो आणि सदरा न बदलता लिहायला बसलो.

तुमची लेक नलिनी, आता तुमच्यासारखीच वकील, तुमच्या आठवणींची पुस्तिका काढतेय. मला म्हणाली होती, "रतीकाका, तुम्ही चार पानं द्या. भाषण नको." तुमची सनद, तुमचे गाजलेले खटले, कॉलेजातली तुमची वर्षं, हे बाकीचे लिहितीलच. मला एकाच गोष्टीबद्दल लिहायचंय. ती तुमच्या हयातीत, तुमच्यासमोर बसून बोलायला हवी होती. त्यासाठी मला थोडीथोडकी नाही, पंधरा वर्षं मिळाली होती.

तुम्ही मला पहिल्यांदा भेटलात ते शनिवारच्या तासाला. मी तापीकाठच्या गुजरांच्या घरातला पोरगा, केळी नि ऊस सोडून दुसरं जग न पाहिलेला. राज्यघटना हा विषय मी मार्कांसाठी घेतला होता. तुम्ही कोर्टातून सायकलवर यायचात, काळ्या कोटाखाली पांढरी पँट, आणि पँटवर केळीच्या चिकाचे डाग. ते डाग धुऊन जात नाहीत हे आम्हा शेतकऱ्यांच्या पोरांना माहीत होतं, त्यामुळे आम्ही हसत नव्हतो. फळ्याकडे न वळता तुम्ही विचारलंत, "तुन्हा गावमा राज्य कोनं शे रे?" कुणी सरपंच म्हणालं, कुणी कारखान्याचा चेअरमन, एक जण मारुतीराया म्हणाला. तुम्ही सगळ्यांना मान डोलावलीत आणि म्हणालात, "कागदवर तरी तुन्हं शे. आते तो कागद वाचूत." सबंध वर्ष आम्ही तो कागद वाचला. परीक्षेत मला त्रेपन्न मार्क पडले आणि तुम्ही हळहळलात, म्हणून मी दुसऱ्या दिवसापासून तुमच्या घरी यायला लागलो.

पुढं मी ग्रामसेवक झालो. पेढे घेऊन आलो तेव्हा तुम्ही एक पेढा अर्धा केलात, अर्धा नलिनीला दिलात आणि मला बजावलंत, "सेवक म्हनीसन जाय, जवाई म्हनीसन नको." मी हसलो. तीन वर्षांत मी पाड्याचा पक्का जावई झालो होतो. गेल्याबरोबर खाट टाकली जायची, कोंबडी पकडायला कुणीतरी पळायचं, आणि मी नको नको म्हणत खाटेवर बसायचो.

माझी पंचायत शहादा तालुक्यातल्या डोंगरातली, सगळी पावरा वस्ती. पाड्याचं नाव इथं लिहीत नाही, जिथं लिहायला हवं तिथं लिहीन. दिवाळी झाली की मुकादमाचे ट्रक यायचे आणि निम्मा पाडा ऊसतोडीला गुजरातेत जायचा, तो होळीला परतायचा. मधे सव्वीस जानेवारीची ग्रामसभा. वनहक्काच्या दाव्यांवर, म्हणजे कसत आलेली जंगलजमीन नावावर करून घेण्याच्या अर्जांवर, ग्रामसभेनं ठराव करायचा तर निम्मे लोक हजर पाहिजेत, आणि पाड्यात म्हातारे नि शेळ्या. मला चार्ज देणाऱ्या ग्रामसेवकानं यावरचा तोडगाही किल्ल्यांबरोबर हातात ठेवला होता. ट्रक निघायच्या आदल्या दिवशी नोंदवहीच्या कोऱ्या पानांवर सगळ्यांचे अंगठे घ्यायचे. सभेची तारीख आली की वर ठराव लिहायचा.

आप्पा, यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. शेजाऱ्याकडे घराची किल्ली ठेवून जावं तसे ते लोक अंगठे ठेवून जायचे. उलट विचारायचे, भाऊ, एवढ्यानं होईल ना, की अजून एका पानावर देऊ? मीही स्वतःला त्यांचा कैवारी समजत होतो. माझ्या त्या पानांवर चाळीस घरांचे दावे वर गेले.

एकेचाळिसावी रुमलीबाई होती. विधवा बाई, जमिनीला लागून दिराची जमीन, आणि दिराची हरकत. हरकतीचा दावा जोडला तर सगळी फाईल परत येईल असं मला तालुक्याला सांगण्यात आलं. मी ठरावात लिहिलं, रुमलीबाईंचा दावा सभेनं सर्वानुमते फेटाळला. सर्वानुमते म्हणजे त्यात खुद्द रुमलीबाईचाही अंगठा होता. त्या दिवशी ती इथून कितीतरी कोसांवर कुणाच्या तरी उसात कोयता चालवत होती.

होळीला ती परत आली, तिला कळलं, आणि ती तुमच्याकडं आली. तुमच्या ओट्यावर बसून तिनं तुम्हाला काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. तुम्ही तिच्याकडून फी म्हणून मोहाची फुलं घेतलीत एवढं मात्र नलिनीनं मला हसत हसत सांगितलं होतं.

तिच्या अपिलाची सुनावणी प्रांतांच्या कचेरीत होती. आदल्या दिवशी दिवेलागणीला तुम्ही माझ्या घरी आलात. माझ्या बायकोनं, शोभानं, भरीत केलं होतं, कळण्याची भाकरी होती. "शोभा, भरीत खावं ते तुन्हा हातनं," म्हणत तुम्ही दोन भाकरी खाल्ल्यात, हात धुतलेत, आणि पंचाला पुसता पुसता म्हणालात, "रत्या, उद्या तुले मी एकच प्रश्न इचारसू. रुमलीबाई त्या दिन सभामा व्हती का? काय सांगशी ते आजच इचार करी ठेव."

मी तुमच्या पाया पडलो नाही एवढंच. म्हटलं, आप्पा, दुसऱ्या कशावरही ठराव पाडा. नोटीस उशिरा निघाली म्हणा, हद्दीचा नकाशा चुकला म्हणा, मी मान्य करतो. पण हे उघड झालं तर चाळीस घरांचे दावे कोसळतील. एका बाईसाठी चाळीस घरं?

"चाळीस घरंबी तठे नव्हतीत," तुम्ही म्हणालात. "तूच एकला व्हता."

आपण त्यावर तासभर भांडलो. शोभा दोनदा बाहेर येऊन बघून गेली. मी म्हणालो, तुमचा कायदा पुस्तकात शोभतो, डोंगरात पोट बघावं लागतं. तुम्ही म्हणालात, पोट बघणारा राजा आपण एकदा हाकलून दिला, आता परत नको. तुम्ही निघालात तेव्हा दोघंही तापलेले होतो. पण दारातून तुम्ही मागं वळून शोभाला म्हणालात, "याले आज जेवू घाल नीट." मी जेवलो नाही.

आता ते सांगतो, जे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा व्हायच्या आत, मी ती नोंदवही उघडली. सुनावणीसाठी ती मी घरीच आणून ठेवली होती. रुमलीच्या ठरावापुढं आणखी तीन पानं होती, वर कोरी आणि खाली अंगठे. पुढच्या सभांची माझी बेगमी. ती पानं तुम्हाला दिसली असती तर हा एका दिवसाचा घोटाळा नसून माझी रीतच आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं. मग आदल्या वर्षीचा ठरावही निघाला असता. त्या ठरावात मी त्याच पाड्यातल्या दिल्या नावाच्या माणसाचा दावा काढून टाकला होता. वनखात्याची लागवड त्याच्या शेताला भिडली होती, फाईल अडकू नये म्हणून मी लिहिलं होतं, "दिल्या यांनी आपला दावा स्वखुशीने मागे घेतला." त्या तारखेला दिल्याही उसातच होता. परत आल्यावर कुणीतरी त्याला सांगितलं, तुझा अंगठा आहे. अंगठा आपलाच आहे हे त्यानं पाहिलं आणि गप्प बसला.

मी ती तीन पानं फाडली आणि चुलीत घातली. शोभानं विचारलं, काय जाळताय? मी म्हणालो, रद्दी.

तुम्ही मला आदल्या दिवशी प्रश्न सांगितलात तो मायेपोटी. मी खोटं बोलून स्वतःला बुडवू नये म्हणून. आणि त्या मायेचा मी असा उपयोग केला.

कचेरीत वकिलाला बोलू द्यायचं की नाही यावरच अर्धा तास गेला. रुमलीबाई दाराशी उकिडवी बसली होती. तुमच्या पिशवीत मुकादमाच्या टोळीची हजेरीवही होती, ती नुसती टेबलावर ठेवलीत, उघडली नाहीत. तुम्ही विचारलंत, "रुमलीबाई त्या दिवशी सभेला हजर होत्या का?" मी म्हणालो, "नाही." तुम्ही विचारलंत, "त्यांचा अंगठा?" मी म्हणालो, "आधी घेतलेला." प्रांतसाहेबांनी लेखणी खाली ठेवली. असं किती वेळा केलं, असं त्यांनीच विचारलं, आणि मी म्हणालो, "साहेब, एकदाच."

तेव्हा नोंदवही तुमच्या हातात होती. तुम्ही पानं उलटत होतात. सरकारी नोंदवहीला पानांचे आकडे असतात, आप्पा, आणि तुम्ही आयुष्यभर आकडे बघत आलात. एका ठिकाणी तुमचा हात थांबला. तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत. मला वाटलं, संपलं. तुम्ही वही मिटलीत आणि म्हणालात, "माझं विचारून झालं."

ठराव रद्द झाला. नवी सभा दिवाळीच्या आत, सगळा पाडा घरी असताना घ्यायचा आदेश निघाला. मला ताकीद मिळाली, एक वेतनवाढ थांबली. संध्याकाळी एसटी स्टँडसमोर तुम्ही मला चहा पाजलात. कप खाली ठेवून म्हणालात, "दुसरा प्रश्न मी राखी ठेयेल शे. तो तूच तुले इचार."

मी चहा संपवला आणि विचारलं, बस किती वाजता आहे?

नवी सभा आंब्याखाली भरली. तुम्ही मोडक्यातोडक्या पावरीत एकेक दावा मोठ्यानं वाचून दाखवलात, बाया पदरात तोंड लपवून तुमच्या उच्चारांना हसत होत्या, तुम्ही चिडायचं सोडून त्यांनाच विचारत होतात, मग कसं म्हणू? दिरानं हरकत घेतली, रुमली त्याच्याशी भांडली, सगळ्यांनी ऐकलं, आणि हात वर झाले. चाळीस घरांचे दावे परत मंजूर झाले, एकेचाळिसावाही झाला. माझी भीती खोटी ठरली. पट्टे हातात पडायला वेळ लागला, पण पडले. मी तुम्हाला कधी म्हणालो नाही की तुमचं बरोबर होतं. आज म्हणतो. तुमचं बरोबर होतं, आप्पा.

दिल्याचं नाव त्या सभेत निघालं नाही. त्याचा दावा त्यानं "स्वखुशीने" मागं घेतलेला होता.

आणि मग माझं नाव झालं. तुम्ही दरवर्षी वर्गात माझा दाखला द्यायला लागलात. स्वतःविरुद्ध खरं बोलणारा सरकारी माणूस. तुमची पोरं बाजारात मला वाकून नमस्कार करायची. शोभाला अभिमान वाटायचा. मी तुमच्या घरी आलो की तुम्ही भुवया उडवून विचारायचात, "काय भो, इचारं का?" आणि मी हसून कापसाचं, केळीचं, कुणाच्या तरी लग्नाचं काढायचो. मला आजही कळत नाही, तुम्ही वर्गात माझी स्तुती करत होतात की मला टोचत होतात. पानं नसल्याचं तुम्हाला खरंच दिसलं होतं की ते माझ्याच मनाचं भूत होतं? शेवटच्या भेटीत तुमचा आवाज गेला होता. तुम्ही माझा हात धरलात, ओठ हलवलेत. मी तुमची उशी नीट केली आणि म्हणालो, आराम करा, पुढच्या आठवड्यात येतो. त्या पुढच्या आठवड्यात मी खांदा द्यायला आलो.

तेरा दिवस मी रडलोय, आप्पा. पण आज रागही आलाय, तो गिळून तुमचे गोडवे गायले तर तुम्हालाच आवडणार नाही. तुम्ही तो प्रश्न विचारायला हवा होता. भर कचेरीत, प्रांतांसमोर, माझी नोकरी गेली असती तरी. तुम्ही वकील होतात. कुणाचाही भाऊ, कुणाचाही जावई कायद्यापुढं सारखा, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. मग माझ्यापाशी येऊन का थांबलात? मी तुमच्या घरी जेवलेला होतो म्हणून? तुम्हाला वाटलं असेल, पोरगा आपणहून बोलेल, सुधारेल. दिल्याचं शेत माझ्या सुधारण्यासाठी नव्हतं. त्याच्या शेतावर आज वनखात्याची झाडं उभी आहेत, आणि तो अजून दिवाळीनंतर ट्रकमधे चढतो. दिल्याचं नाव तुम्हाला माहीत नव्हतं हे मला मान्य आहे. मला माहीत होतं, म्हणून माझा गुन्हा मोठा. पण तुमचाही थोडा आहे. एवढं भांडण आपलं राहिलंय, आणि ते मी एकट्यानं कसं भांडू?

आज तुमच्या अंगणात डोंगरातली माणसं आली होती. रुमलीबाई आता फार वाकलीय. तिनं तुमच्या फोटोपुढं मूठभर ज्वारी ठेवली, तिच्या शेतातली. नलिनीला ते बघवेना, ती आत निघून गेली. कुणीतरी पाहुण्यांना माझी ओळख करून देत होतं, हेच ते, आप्पांचे ग्रामसेवक. मी हात धुवायचं निमित्त करून मागं केळीच्या बांधाकडं गेलो. तिथं दिल्या उभा होता. केस पांढरे झालेत, उजव्या हाताची दोन बोटं सरळ होत नाहीत.

"भाऊ," तो म्हणाला, "रुमलीना टायमाले तुम्ही खरं बोलनात, तिले जमीन भेटनी."

मी मान हलवली.

"मन्हा टायमाले बी तुम्हीच व्हतात ना? मंग मन्हं का ऱ्हायनं?"

तो भांडत नव्हता. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. मी तिथंच बांधावर बसलो आणि त्याला सगळं सांगितलं. कोरं पान, लागवड, स्वखुशी, चूल. सांगताना मला कळलं नाही की नलिनी पाण्याची कळशी घेऊन मागं येऊन उभी राहिली होती. दिल्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मला वाटलं, शिवी देईल, निदान थुंकेल तरी. तो बोटं चोळत राहिला. मग म्हणाला, "दिवाळी झाई का टोळी निंघी जाई. जे करनं शे ते त्याना आधी करा."

मी नलिनीकडे वळलो. पुढच्या वर्षी मी निवृत्त होतोय, पेन्शनचे कागद पडलेत, चौकशी लागली तर काय होईल ते तिलाही कळतं. तरी मी म्हणालो, पोरी, माझं प्रतिज्ञापत्र कर. मी उद्याच येतो, तू काय काय विचारशील ते आज सांगून ठेव, म्हणजे नीट आठवून येतो.

तिनं कळशी खाली ठेवली. डोळे पुसले. ती लहान असताना मी तिला खांद्यावरून जत्रेला नेलं होतं, आणि तरी ती माझ्याशी जे बोलली ते कोर्टात बोलावं तसं बोलली.

"काका, प्रतिज्ञापत्र दुसऱ्या वकिलाकडून करून घ्या. मी दिल्याभाऊंचं वकीलपत्र घेतेय. तुम्हाला प्रश्न मीच विचारणार, आणि ते आधी सांगणार नाही."

तुमच्यापेक्षा चांगली वकील आहे ती, आप्पा.